फाइलमधली अक्षरे : कशाला घाबरू नये, कशाची चौकशी करावी

प्रश्न : मला अठ्ठाविसावा आठवडा पूर्ण झाला आहे. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्यानंतर दीड वर्षापूर्वी एकदा दिवस राहिले होते, पण नवव्या आठवड्यात गर्भ आपोआप पडला. परवाच्या तपासणीनंतर फाइल घरी आणली आणि तिच्यातली अक्षरे मोबाइलवर शोधत बसले. पहिल्याच ओळीत ‘जी३ पी१ ए१ एल१’ असे आहे. ‘ए’ म्हणजे ॲबॉर्शन, असे नणंदेने वाचून दाखवले आणि सासूबाईंनी सर्वांसमोर विचारले, ‘तू पाडून घेतलं होतंस का?’ पुढे ‘एलएमपी १ जून, जीए २८ ३/७’, ‘ओ निगेटिव्ह, आयसीटी निगेटिव्ह’, सोनोग्राफीत ‘ब्रीच’, ‘प्लासेंटा पोस्टेरिअर’, ‘एएफआय ११’, ‘ईएफडब्ल्यू ९९० ग्रॅम’ आणि शेवटी ‘?एफजीआर, आर/व्ही २ आठवडे’. प्रसूतीच्या तारखाही तीन आहेत : ८ मार्च, १० मार्च आणि १९ मार्च. निगेटिव्ह लिहिलेले सगळे चांगले असते एवढे मला कळते. बाकी प्रत्येक शब्दाने झोप उडवली आहे. पती म्हणतात, कागद वाचूच नकोस. मी हे सगळे शिकून घ्यावे, की फाइल बंद करून ठेवावी?
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

फाइल बंद करून ठेवू नका, आणि सगळी अक्षरे पाठ करण्याच्या मागेही लागू नका. तुमच्या हातातला कागद मुळात तुमच्यासाठी लिहिलेला नसतो. रात्री दोन वाजता तुम्ही दवाखान्यात पोहोचलात आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टर तिथे नसल्या, तर जी कोणी डॉक्टर किंवा परिचारिका तुम्हाला तपासेल तिला मिनिटभरात तुमचा सगळा पूर्वेतिहास कळावा, यासाठी तो लिहिलेला असतो. म्हणून त्यात धीर देणारे शब्द नसतात आणि बऱ्याचदा पूर्ण वाक्येही नसतात. तुम्हाला जे सांगायचे ते तोंडी, साध्या भाषेत, तुमच्या शंकांना वेळ देऊन सांगायला हवे होते. ते झाले नसेल तर तो दोष तुमचा नाही, आणि प्रत्येक अक्षराचा अर्थ विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तुम्ही लिहिलेल्या बहुतेक गोष्टी साध्या नोंदी आहेत. ‘?एफजीआर’ या एका नोंदीवर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे लागेल. मात्र जिच्यासाठी याच आठवड्यात काही करावे लागेल, ती नोंद तुम्ही ‘चांगली’ म्हणून सोडून दिली आहे. तिच्याकडे वळण्याआधी घरात निघालेल्या प्रश्नाबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त दुखावलेपण तिथेच दिसते.

‘जी’ म्हणजे आताचे धरून आजवर किती वेळा गर्भ राहिला तो आकडा. ‘पी’ म्हणजे त्यांपैकी किती वेळा गर्भ जगण्याजोग्या अवस्थेपर्यंत वाढून बाळंतपण झाले. ही मर्यादा कुठे २०, कुठे २४, तर कुठे २८ आठवडे धरली जाते. त्या मर्यादेच्या आत संपलेल्या प्रत्येक गर्भारपणाची नोंद ‘ए’मध्ये होते, मग तो गर्भ आपोआप पडलेला असो किंवा उपचाराने काढलेला असो. ‘एल’ म्हणजे आज हयात असलेली मुले. तुमची मुलगी, नवव्या आठवड्यात गेलेला गर्भ आणि आत्ता पोटात असलेले बाळ मिळून ‘जी३’ झाले, एवढाच त्या ओळीचा हिशेब आहे. गर्भ कसा आणि कशामुळे गेला हे ‘ए१’ सांगतच नाही. सासूबाईंना तुम्ही एवढेच सांगू शकता की डॉक्टरांच्या लिहिण्यात दोन्हींना एकच अक्षर आहे. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचे असेल आणि तुमचीही तयारी असेल, तर पुढच्या वेळी त्यांना सोबत न्या. तयारी नसेल तर नेऊ नका. तुमचा पूर्वेतिहास घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही. आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही : पहिल्या तीन महिन्यांत आपोआप पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचा दोष आढळतो. असा दोष आईच्या चालण्याने, कामाने किंवा खाण्याने येत नसतो.

काही दवाखान्यांत हीच माहिती ‘पी १-०-१-१’ अशी चार आकड्यांत लिहितात : पूर्ण दिवसांची बाळंतपणे, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे, गेलेले गर्भ आणि हयात मुले, या क्रमाने. जुळी झाली तर बाळंतपण एकच धरतात, मुले मात्र दोन धरतात. त्यामुळे दोन कागदांवर वेगवेगळे आकडे दिसले तरी चूक असेलच असे नाही.

आता ‘निगेटिव्ह’कडे येते. तुमच्या फाइलमध्ये हा शब्द शेजारीशेजारी दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. ‘ओ निगेटिव्ह’ हा रक्तगट आहे. तुमच्या तांबड्या पेशींवर आरएच-डी नावाचा घटक नाही, असे तो सांगतो. हा आजार नाही, पण ‘तपासले आणि काही सापडले नाही’ असा निकालही नाही. बाळाचे वडील आरएच पॉझिटिव्ह असतील तर बाळही पॉझिटिव्ह असू शकते. बाळाच्या रक्ताचा थोडासा अंश आईच्या रक्तात मिसळला, तर आईचे शरीर त्या परक्या घटकाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू लागते. असे मिसळणे बहुधा बाळंतपणात होते, पण गर्भपात होताना किंवा गरोदरपणात रक्तस्राव झाल्यावरही ते घडू शकते. पहिल्या वेळी प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले बाळ सहसा सुखरूप राहते. नंतरच्या खेपेला मात्र हीच प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करू शकतात, आणि त्यामुळे बाळाला तीव्र रक्तक्षय किंवा कावीळ होण्याचा धोका असतो.

अशी प्रतिद्रव्ये आईच्या रक्तात आहेत का, हे ‘आयसीटी’ म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट पाहते. १९४५ मध्ये रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडलेल्या तपासणीवर ती आधारलेली आहे. तुमची आयसीटी निगेटिव्ह आहे, म्हणजे प्रतिद्रव्ये तयार झालेली नाहीत, आणि हे खरोखर चांगले आहे. परंतु ही तपासणी रक्त घेतले त्या दिवसापुरतीच बोलते, पुढच्या अडीच महिन्यांची हमी देत नाही. ती हमी मिळवण्यासाठी ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन असते. १९६८ पासून ते वापरात आहे आणि त्याने असंख्य बाळे वाचली आहेत. आरएच निगेटिव्ह गरोदर स्त्रीला ते सुमारे अठ्ठाविसाव्या आठवड्यात देतात, आणि जन्मलेले बाळ पॉझिटिव्ह निघाले तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. त्याचा क्रमही महत्त्वाचा आहे : आयसीटीसाठी रक्त आधी घ्यायचे आणि इंजेक्शन नंतर द्यायचे, कारण इंजेक्शननंतर काही काळ ही तपासणी त्याच्यामुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते.

तुम्ही आज अठ्ठावीस आठवडे पूर्ण करून पुढे गेला आहात आणि तुमच्या सविस्तर पत्रात अँटी-डीचा उल्लेख कुठेही नाही. कदाचित ते दिलेले असेल आणि तुम्ही लिहिले नसेल. कदाचित तुमच्या पतींचा रक्तगटही निगेटिव्ह असल्याने त्याची गरज नसेल. किंवा ते द्यायचे राहिले असेल. दोन आठवड्यांनंतरच्या सोनोग्राफीची वाट न पाहता उद्याच दवाखान्यात फोन करा आणि ‘मी ओ निगेटिव्ह आहे, आयसीटी निगेटिव्ह आहे, माझे अँटी-डी झाले आहे का?’ असे याच शब्दांत विचारा. नवव्या आठवड्यात गर्भ गेला तेव्हा ते दिले होते का, हेही आठवत असेल तर सांगा, कारण अशा प्रसंगीही ते देण्याचा विचार केला जातो.

तीन तारखांचा घोळ वाटतो तेवढा मोठा नाही, पण तो नीट समजून घ्यावा अशी माझी इच्छा आहे, कारण ‘?एफजीआर’चे मूळ त्यातच आहे. ‘एलएमपी’ म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की ‘ईडीडी’ म्हणजे प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. १ जूनवरून ८ मार्च येते ती अशी, आणि हे अंतर साधारण २८० दिवसांचे असते. ‘जीए’ म्हणजे गर्भाचे वय, आणि तेही पाळीपासूनच मोजतात. ‘२८ ३/७’ हा गणितातला अपूर्णांक नाही. अठ्ठावीस आठवडे पूर्ण आणि पुढच्या आठवड्याच्या सात दिवसांपैकी तीन दिवस, असा त्याचा अर्थ. गर्भधारणा पाळीनंतर साधारण दोन आठवड्यांनी होत असल्याने बाळाचे प्रत्यक्ष वय याहून पंधरवड्याने कमी असते.

१० मार्च ही तारीख तुमच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीची असणार. पहिल्या तिमाहीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात, तिला ‘सीआरएल’ म्हणतात. त्या काळात सगळे गर्भ जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून तारीख ठरवायला ते मोजमाप सर्वांत विश्वासार्ह असते. पाळीच्या तारखेशी फक्त दोन दिवसांचा फरक पडला, म्हणजे तुमची पाळीची तारीख बरोबर आहे याला दुजोराच मिळाला. तेव्हा तुमची तारीख ८ मार्च, आणि ती आता बदलायची नाही.

१९ मार्च ही तारीख कोणा डॉक्टरांनी नव्याने ठरवलेली नाही. परवा सोनोग्राफी यंत्राने बाळाची चार मापे घेतली : डोक्याची रुंदी म्हणजे ‘बीपीडी’, डोक्याचा घेर ‘एचसी’, पोटाचा घेर ‘एसी’ आणि मांडीच्या हाडाची लांबी ‘एफएल’. एवढी मापे सरासरी बाळाची कोणत्या आठवड्यात असतात हे यंत्र पाहते आणि त्यावरून तारीख छापते. तुमच्या बाळाची मापे सरासरीपेक्षा अकरा दिवसांनी मागे आहेत, एवढेच १९ मार्च ही तारीख सांगते. घरात कोणी ‘म्हणजे दिवस मोजायला चुकले, तारीख पुढे गेली’ असे म्हणाले, तर ते मान्य करू नका. सुरुवातीला पक्की झालेली तारीख नंतरच्या मापांवरून पुढे ढकलली, तर बाळ लहान राहत असल्याची खूणच पुसली जाते.

तुमच्या डॉक्टरांनी ती खूण पुसली नाही, तिची नोंद घेतली, आणि तीच ‘?एफजीआर’. ‘एफजीआर’ म्हणजे गर्भाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी असणे; जुन्या कागदांवर यालाच ‘आययूजीआर’ लिहिलेले सापडेल. पण त्याच्या आधीचे प्रश्नचिन्ह नीट पाहा. वैद्यकीय कागदावर शब्दाच्या आधी प्रश्नचिन्ह असले, तर ‘अशी शंका आहे, अजून ठरलेले नाही’ असा त्याचा अर्थ असतो. मोबाइलवर शोधताना ते चिन्ह गळून पडते आणि मग वाचायला मिळते ते सगळे निदान झालेल्यांसाठी लिहिलेले असते. तुमची झोप उडवण्यात या गळलेल्या चिन्हाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते.

‘ईएफडब्ल्यू’ हे बाळाचे अंदाजे वजन, आणि तो खरोखर अंदाजच असतो. त्यात १० ते १५ टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणजे ९९० ग्रॅमच्या बाबतीत शंभर ते दीडशे ग्रॅम इकडेतिकडे. त्याच वयाच्या शंभर बाळांत वजनाने सर्वांत लहान अशा दहांत हे वजन मोडले, तर डॉक्टर लक्ष ठेवू लागतात. या दहांपैकी अनेक बाळे निरोगीच असतात. आईवडिलांची चणच लहान असते, तशी त्यांचीही असते. काहींना मात्र वारेतून पुरेसे पोषण मिळत नसते, आणि ती ओळखणे महत्त्वाचे असते. एकाच मापावरून हे दोन्ही वेगळे करता येत नाही. ‘आर/व्ही २ आठवडे’ म्हणजे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे, आणि ती मुदत विचारपूर्वक दिलेली आहे : त्याहून लवकर मोजले तर खरी वाढ किती आणि मोजण्यातला फरक किती, हे उलगडत नाही. त्या वेळी ‘डॉप्लर’ हा शब्द ऐकू येईल किंवा कदाचित आधीच लिहिलेला असेल. नाळेतून आणि बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतून रक्त कसे वाहते, हे त्यात पाहतात. त्यापुढे ‘डब्ल्यूएनएल’ असेल, तर प्रवाह सामान्य मर्यादेत आहे असे समजावे. तोवर जास्त खाऊन बाळाचे वजन वाढवण्याचा आटापिटा करू नका. नेहमीचा पुरेसा आहार, दिलेल्या गोळ्या आणि घरात कोणी तंबाखू ओढत असेल तर त्या धुरापासून दूर राहणे, एवढे पुरे आहे.

बाकीच्या नोंदींवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘ब्रीच’ म्हणजे बाळाचे ढुंगण किंवा पाय खाली आणि डोके वर, ज्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात. या आठवड्यांत साधारण चार-पाचांतले एक बाळ असेच असते. दिवस भरेपर्यंत बहुतेक आपणहून फिरतात आणि शंभरांत तीन-चारच तसे राहतात. छत्तीस आठवड्यांच्या आधी या शब्दावर कोणताही निर्णय अवलंबून नसतो. ‘प्लासेंटा पोस्टेरिअर’ म्हणजे वार गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला आहे. ती पुढच्या भिंतीला असते तेव्हा ‘अँटेरिअर’ लिहितात आणि दोन्ही जागा योग्यच आहेत. ‘लो लाइंग’ असे लिहिले असते, तर वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ आहे म्हणून पुढे पुन्हा पाहावे लागले असते. ‘एएफआय’ ही गर्भजलाची मोजणी असून साधारण ५ ते २५ ही तिची मर्यादा आहे, तेव्हा तुमचे ११ उत्तम आहे. ‘एफएचएस’ किंवा ‘एफएचआर’ म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके, जे मिनिटाला ११० ते १६० असावेत.

मोबाइलवर एकेक अक्षर शोधण्यातला आणखी एक धोका सांगायला हवा. तीच अक्षरे कागदावरच्या जागेप्रमाणे वेगळा अर्थ घेतात. सोनोग्राफीत ‘एसी’ म्हणजे पोटाचा घेर, तर औषधाच्या चिठ्ठीवर ‘एसी’ म्हणजे जेवणापूर्वी. ‘आययूडी’ या अक्षरांनी मी बायकांना ढसाढसा रडताना पाहिले आहे. पूर्वेतिहासात ‘आययूडी काढली’ असे असते तेव्हा ती गर्भनिरोधक तांबी असते. पण शोधल्यावर पहिला अर्थ पोटातच बाळ दगावण्याचा पुढे येऊ शकतो. ‘एच/ओ’ म्हणजे पूर्वी घडलेले, ‘सी/ओ’ म्हणजे तुम्ही सांगितलेली तक्रार, ‘आर/ओ’ म्हणजे ते नसल्याची खात्री करून घ्यायची. एचआयव्ही, एचबीएसएजी आणि व्हीडीआरएल या तपासण्यांपुढे ‘एनआर’ असेल, तर नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे संसर्ग आढळलेला नाही. म्हणून सुटे अक्षर घेऊन फिरू नका. ती पूर्ण ओळ बोटाने दाखवून विचारा.

पुढच्या तपासणीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. बाळाची वाढ त्याच्या स्वतःच्या रेषेने होते आहे का, डॉप्लर कसे आहे, आणि मी कोणत्या गोष्टीसाठी ताबडतोब यावे, हे तुमच्या बाबतीत मी नक्की विचारीन. उत्तरात पुन्हा अक्षरेच आली, तर ‘हे मला मराठीत सांगा’ असे संकोच न करता म्हणा आणि कळलेला अर्थ त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा. तुमच्या पतींनाही आत घेऊन जा. कागद वाचू नकोस असे म्हणणाऱ्या माणसालाही बहुधा तोच कागद घाबरवत असतो, आणि दोघांनी एकदमच ऐकलेले बरे.

काही गोष्टींसाठी मात्र कोणत्याही नोंदीची, अहवालाची किंवा तारखेची वाट पाहू नका. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, न थांबणारी डोकेदुखी सुरू झाली, नजर धूसर झाली, बरगड्यांखाली दुखू लागले, चेहरा आणि हात एकाएकी सुजले किंवा ठरावीक अंतराने पोट घट्ट होऊ लागले, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. जाताना फाइल घ्या आणि ‘मी आरएच निगेटिव्ह आहे’ हे तोंडानेही सांगा, कारण अंगावरून रक्त गेले असेल तर आधी अँटी-डी दिलेले असले तरी ते ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावे लागू शकते.